हेन्री फंग रक्तपिपासू निघाले तेव्हा

‘तुम्ही सूडबुद्धीचे आहात. तुमच्या घरी जेवायला येणाऱ्याने सूप आधी दुसऱ्याला चाखायला द्यावं. नातेवाइकांना तुरुंगात टाकण्याची तुम्हाला हौस आहे.’

स्क्रीनवरचं हे वाचून गॅरेथने माझ्याकडे पाहिलं. गॅरेथ म्हणजे माझा बॉस. मँचेस्टरमध्ये त्याची वेबसाइट्स बनवणारी लहानशी कंपनी होती आणि मी तिथला प्रोग्रामर.

“हा माणूस रिटायर्ड ऑप्टिशियन आहे,” तो म्हणाला. “गेल्या आठवड्यात ऑफिसात केक घेऊन आला होता.”

“खाल्लास?”

“हसू नकोस. शुक्रवारी डेमो आहे.”

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. फेसबुक, ट्विटर लोकांना नवं होतं आणि आपण तिथे कसे दिसतो याचं सगळ्यांना भलतंच कुतूहल होतं. आमच्या एका क्लायंटची पॉडकास्टची साइट होती. पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखा कार्यक्रम, फक्त इंटरनेटवरून हवा तेव्हा ऐकायचा. आपल्या निवेदकांच्या पोस्ट वाचून प्रोग्रामने गमतीत त्यांचा स्वभाव सांगावा, अशी त्यांची कल्पना. पहिला मान हेन्री फंग यांचा. जन्म हाँगकाँगचा, हयात मँचेस्टरात लोकांचे डोळे तपासण्यात गेली. आता घरच्या मागच्या खोलीत बसून चीनचा इतिहास सांगायचे. ऐकणारे बरेच होते. मीही होतो. ट्राममध्ये रोज ऐकायचो.

प्रोग्राम साधा होता. पोस्टमधले शब्द मोजायचे, कोणते जास्त येतात ते पाहायचं आणि त्यावरून आधी लिहून ठेवलेली वाक्यं उचलायची. हेन्रींच्या पोस्ट अशा असायच्या: ‘उद्या: तीन राजपुत्र, एक गादी, थोडं विष.’ माणूस स्वतःबद्दल बोलतोय की हजार वर्षांपूर्वीच्या राणीबद्दल, हे माझ्या प्रोग्रामला कुठून कळणार? त्याने विष मोजलं, फितुरी मोजली, शिरच्छेद मोजले आणि निकाल दिला.

हे नीट दुरुस्त करायला काही आठवडे लागले असते. हातात शुक्रवारपर्यंतचा वेळ. मग मी एक गोष्ट केली, जी माझ्या इंग्रज सहकाऱ्यांना सुचलीच नसती.

कॉम्प्युटर शिकल्यावर माझी पहिली नोकरी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात, पानं लावायची. रविवारच्या पुरवणीत राशिभविष्य असे. ज्योतिषीबुवांचा मजकूर वेळेवर आला नाही की आम्ही मागच्या वर्षीचं काढायचो आणि मेषेचं कुंभेला, कुंभेचं तुळेला चिकटवायचो. कधी कुणाची तक्रार आली नाही. उलट ‘या वेळी अगदी तंतोतंत’ अशी पत्रं यायची.

मी तीच वाक्यं इंग्रजीत बसवली. ‘तुम्ही इतरांसाठी खूप करता, पण त्याची जाणीव ठेवली जात नाही.’ ‘वरून शांत दिसता, आत विचारांचं काहूर असतं.’ वाक्यं कमी पडली तेव्हा मनात येतील तशी आणखी लिहिली. प्रोग्राम आता पोस्ट वाचायचाच नाही. नुसती वाक्यं पत्त्यांसारखी पिसायचा.

गॅरेथने स्वतःचं नाव घालून पाहिलं. “माय गॉड, हा मीच आहे! याला कसं कळलं?”

रिसेप्शनवरच्या जीनलाही तेच वाक्य आलं. तिनेही मान डोलावली. वाक्यं कुठून आली, ते मी दोघांपासूनही लपवलं.

घरी वैशालीला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. “अरे, म्हणजे तू नागपूरचं भविष्य मँचेस्टरला विकलंस?”

“डेमोपुरतं गं.”

“हो, ज्योतिषीबुवाही पुरवणीपुरतंच लिहायचे.”

डेमो उत्तम झाला. क्लायंट खूश. हेन्रीही आले होते. त्यांनी आपला निकाल वाचला, परत वाचला, आणि सगळे कॉफी घेत असताना मला खिडकीशी बोलावलं.

“हे शेवटचं वाक्य,” ते म्हणाले. “‘दुरावलेल्या रक्ताच्या माणसाला स्वतःहून फोन करा, ते माणूस वाट पाहत आहे.’ माझी थोरली बहीण हाँगकाँगला असते. आई गेल्यापासून आमचं बोलणं नाही. तुमच्या प्रोग्रामला माझ्या लिखाणात ते दिसलं?”

मी म्हणालो, “हो.”

“मग रविवारी फोन करतो तिला.”

तो ‘हो’ मला खात राहिला. बहीण वाट पाहतेय, हे मी कुठल्या आधाराने लिहिलं होतं? तिने फोन आपटला तर? या वयात ते त्यांनी सोसायचं, आणि कशापायी, तर माझ्या डेमोपायी. शनिवारी सकाळी मी ट्रामने सेल नावाच्या उपनगरात त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी दार उघडलं. मी कोटसुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं. शब्द मोजणं, रक्तपिपासू निकाल, नागपूर, मेष, कुंभ.

“म्हणजे माझ्या पोस्ट कुणी वाचल्याच नाहीत?”

“पहिल्यांदा वाचल्या होत्या. त्याचाच तर घोटाळा झाला. सॉरी, मिस्टर फंग. फोन करू नका असं म्हणत नाही, पण निदान मशीनच्या भरवशावर करू नका.”

“तो रक्तपिपासू निकाल आहे का अजून?”

मी बॅगेतला प्रिंट दिला. सुपाच्या वाक्याला ते इतके हसले की चष्मा काढावा लागला.

“हाच लावा साइटवर. यात निदान माझे शब्द आहेत.” मग चहा ओतता ओतता म्हणाले, “चीनचे फार जुने राजे हाडं तापवून त्यांवरच्या भेगा वाचायचे, ते ऐकलंत तुम्ही?”

“ऐकलं. तो भाग मी परत परत ऐकलाय.”

“मग लक्षात असेल. पुष्कळदा प्रश्नही राजाचा आणि भेगेचा अर्थ सांगणाराही राजाच. हाडाला बिचाऱ्याला काय माहीत? फोन तर मी करणारच होतो, निमित्त हवं होतं. पण ते फोनचं वाक्य मी नाही लिहिलेलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे तपासणारा माणूस पाहतो तसं. “तुमचं कुणाशी बोलणं बंद आहे?”

त्या वाक्याचा उगम पुरवणीत नव्हता. ते मनात येतील तशी मी लिहिलेल्या वाक्यांपैकी होतं.

“भावाशी,” मी म्हणालो.

का ते त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं. वैशालीलाही तोवर सांगितलं नव्हतं. वडील गेले तेव्हा मी नागपूरला गेलो नाही. रजा मिळाली नाही, असं दादाला कळवलं. खरं तर मी रजा मागितलीच नव्हती. त्यांच्या आजारपणात एकदाही गेलो नव्हतो, आता कुठल्या तोंडाने दारात उभा राहू, याची भीती वाटली. दादाने सगळं एकट्याने उरकलं आणि नंतर फोन करणं सोडून दिलं.

हेन्रींनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

सोमवारी मी गॅरेथला खरं काय ते सांगितलं. तो भडकला, मग ‘जीनला सांगू नकोस’ म्हणाला. साइटवर रक्तपिपासू निकालच लागला आणि लोकांनी तो एकमेकांना खूप पाठवला. हेन्रींच्या बहिणीने फोन आपटला नाही. ‘कसा आहेस’ असंही विचारलं नाही. ती सगळे भाग ऐकत होती, आणि एका सेनापतीचं गाव हेन्रींनी चुकीचं सांगितलं, म्हणून तिने त्यांना भरपूर झापलं. हेन्रींनी पुढच्या भागात दुरुस्ती दिली, बहिणीचं नाव घेऊन.

मी दादाला फोन केला. ‘रजा मागितलीच नव्हती’ एवढं एका दमात बोललो. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

“वाटलंच होतं,” दादा म्हणाला. “वहिनीशी बोल. माझी दाढ दुखतेय, मला जास्त बोलवत नाही.”

पुढच्या आठवड्यात दाढेची चौकशी करायला मी परत फोन केला.

आता मी नवीन मुलांना शिकवतो. टेस्टिंगसाठी प्रोग्राममध्ये स्वतःची खरी माहिती घालू नका, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. मुलं कारण विचारतात. मी सिक्युरिटीचं सांगतो.