सल्तमधली एकच सपाट जागा

विदाद माझ्या घराच्या खाली राहते, बरोबर तेवीस पायऱ्या खाली. वय चौपन्न, लग्न केलेलं नाही, आवाज मोठा, आणि चौदा वर्षं तिचं एकच काम आहे: सकाळी सहाला चार शिक्षिकांना गाडीत बसवून खाली घोरमधल्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या खोऱ्यातल्या, शाळांवर सोडायचं आणि दुपारी दोनला त्यांना परत वर सल्तला आणायचं. खाली केळीच्या बागा आणि घाम, वर आमचं डोंगराला चिकटलेलं गाव. उतरायचं काम कुठलीही गाडी करते. परीक्षा असते ती परतीच्या चढावर.

गाडी चालवायला ती चाळिशीत शिकली. वडील गेले तेव्हा भाऊ मन्सूर म्हणाला होता, "अम्मानला माझ्याकडे ये, मुलांकडे बघ." तिने वडिलांची शेवटची दोन शेतं विकली आणि एक जुनी राखाडी जपानी गाडी आणली, आपोआप गिअर बदलणारी. पहिल्या महिन्यात तिने आमच्या गल्लीच्या भिंतीला दोनदा घासलं. तो ओरखडा अजून आहे, तिने तो कधी रंगवू दिला नाही. उतारावर गाडी उभी केली की एक दगड पुढच्या चाकाखाली ढकलायचा, हे आमच्याकडे सगळेच करतात. विदादचा दगड मात्र लाल रंगाचा आहे, कारण पहिला कुणीतरी उचलून नेला होता.

गेल्या ऑगस्टमधल्या एका बुधवारी ती माझ्या गच्चीवर आली आणि खुर्चीत धपकन बसली.

"मावशी, गाडी चढत नाहीये. इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. मग एकदम हिसका देते. कालव्याच्या वळणावर आज मागे घसरले मी."

"खलफला दाखवलीस?"

"दाखवली. तो म्हणतो गिअर मेला."

शाळा रविवारी उघडणार होत्या. शिक्षिकांमधल्या सगळ्यात जुन्या, गणिताच्या हनानबाई, यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं: "विदाद, राग मानू नकोस. रविवारी वर पोचलो नाही तर सोमवारपासून आम्ही व्हॅन धरू. माझी मुलं घरी वाट बघतात." आणि मन्सूरला कुठून कळलं देव जाणे, त्याने तर गिऱ्हाईकच ठरवलं. रविवारी दुपारी अडीच-तीनला घेऊन येतो म्हणाला. गाडी गेली की विदादला अम्मानला जावं लागणार आणि भावाच्या स्वयंपाकघरात उभं राहावं लागणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर खलफकडे गेले. खलफ आमच्या भागातला गिअरचा मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, पस्तीस वर्षांचा अनुभव, स्वभाव कडू बदामासारखा. त्याचं गॅरेज खालच्या रस्त्याला, दार डोंगराकडे आणि फरशी रस्त्याकडे उतरती. त्याने गाडी तोंड रस्त्याकडे करून आत घेतली, इंजिन चालू ठेवलं, गिअरच्या तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली.

"बघ. वरच्या खुणेपर्यंत तेल आहे. काळं आहे, पण भरलेलं आहे. तेल असून घसरतो म्हणजे आतल्या प्लेटा गेल्या."

"तेल बदललं तर?"

"चौदा वर्षांत बदललंस?"

"तूच म्हणाला होतास हात लावू नकोस."

"मग आताही लावू नकोस! त्या तेलात प्लेटांची झीज उतरलेली असते, तिच्यावरच जुना गिअर पकड धरून असतो. नवीन तेल सगळं धुऊन नेईल. मग माझ्या दारातून बाहेरसुद्धा निघायची नाही. दुसरा जुना गिअर बसव, नाहीतर गाडी विकून टाक."

"आणि तो खालचा गॅरेजवाला म्हणतो मशीन लावून सगळं तेल एका दमात बदल."

"जा मग त्याच्याकडे. येताना चालत ये."

"मुअल्लिम, तुझ्या जिभेला पण कधी तेल घाल," विदाद म्हणाली, आणि आम्ही निघालो.

एक म्हणतो हात लावू नको, दुसरा म्हणतो सगळं उपसून टाक. रागाने विदाद संध्याकाळी गाडीचं पुस्तक घेऊन बसली. गाडी तिच्या दारात, तोंड उताराकडे, चाकाखाली लाल दगड. मी मरामियाची सुगंधी पानं घातलेला चहा खाली घेऊन गेले. तिने पेला बॉनेटवर ठेवला आणि वाचत राहिली. मी म्हणाले, "उचल तो, सांडेल." कारण चहा पेल्याच्या पुढच्या काठाला टेकला होता आणि मागच्या बाजूला बोटभर काच कोरडी दिसत होती.

विदादने पेल्याकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. मग पुन्हा पेल्याकडे.

"मावशी, पुढून बघितलं तर हा पेला भरलेला आहे."

"हो."

"आणि मागून बघितलं तर अर्धा."

तिने पुस्तकातली ओळ मला मोठ्याने वाचून दाखवली: तेल पाहताना इंजिन गरम आणि चालू असावं, गिअर एकेक करून सगळे फिरवावेत, आणि गाडी सपाट जागी उभी असावी. "चौदा वर्षांत ही ओळ मी दहादा वाचली असेन. सपाट जागी! सल्तमध्ये! तो शब्द माझ्या डोळ्यांना दिसलाच नाही कधी. गाडीचं तोंड उताराला आणि तेलाची पट्टी पुढच्या बाजूला, मग तेल भरलेलंच दिसणार."

मला हसू आलं, पण खरंच आहे. आमच्याकडे जेवणाच्या टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठा असतो आणि पाहुण्याला ते विचित्र वाटतं तेव्हा आम्हाला आठवतं. खलफ पस्तीस वर्षं उतरत्या फरशीवर तेल बघतोय आणि गावातला प्रत्येक माणूस दारातल्या उतारावर बघतोय.

"पण सपाट जागा आणायची कुठून?" विदाद म्हणाली.

ते मला माहीत होतं. आमच्या कॉन्व्हेंटचं बास्केटबॉलचं मैदान. मी घरी जाऊन १९६३ ची डायरी काढली, कारण नुसत्या आठवणीवर मी कुणाला कुठे पाठवत नाही. नोव्हेंबरच्या बारा तारखेला लिहिलं होतं: मैदान पूर्ण झालं. मदर सुपीरियरनी मध्यभागी चेंडू ठेवला, आम्ही एकशे चार मुली पाच मिनिटं गप्प उभ्या होतो, चेंडू हलला नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही कॉन्व्हेंटच्या फाटकाशी. सिस्टर ओदेत आता तिथल्या प्रमुख, माझ्याहून वीस वर्षांनी लहान पण माझ्याशी बोलताना पाठ ताठ करतात आणि मला मुलाच्या नावाने, इस्कंदरची आई म्हणून, हाक मारतात.

"गाडी? मैदानावर? उम्म इस्कंदर, तुम्हीसुद्धा?"

"दहा मिनिटं, सिस्टर. आम्ही पुठ्ठे आणलेत."

"तेलाचा एक थेंब पडला तर तुम्हीच पुसायचा. गुडघ्यावर बसून."

"गुडघ्यावर बसायची सवय मला इथेच लागली," मी म्हणाले. सिस्टर हसल्या नाहीत, पण फाटक उघडलं.

विदादने आधी अर्धा तास गाडी फिरवून गरम केली होती. बास्केटच्या खांबाखाली उभी केली, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवले आणि पट्टी ओढली. पुसली, घातली, ओढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, पट्टीच्या टोकाला नुसती ओल. खात्री व्हावी म्हणून गाडी उलटी वळवून पुन्हा पाहिलं. तेच.

"उपाशी आहे," ती म्हणाली. "मेलेली नाही, उपाशी आहे. चढावर जे थोडंफार तेल असतं तेही मागे सरकतं आणि पंप हवा ओढतो."

पण एवढ्यावर ती नाचली नाही, आणि म्हणूनच मला ती आवडते. कमी तेलावर महिनोन्‌महिने चालवून आतलं काही जळलं असेल तर खलफचं म्हणणं खरं ठरलं असतं. माझा पांढरा रुमाल घेऊन तिने त्यावर पट्टीचे दोन थेंब टाकले. काळपट तपकिरी डाग पसरला. बोटाने चोळून पाहिला, कचकच लागली नाही. नाकाशी धरला. "जुना वास आहे. जळका नाही. तुम्ही बघा." मी हुंगलं. कोंदट कपाटासारखा वास होता. तो रुमाल माझ्याकडे अजून आहे.

शनिवारी सकाळी खलफच्या गॅरेजात भांडणच झालं.

"माझी फरशी तिरकी? पस्तीस वर्षांत कुणी बोललं नाही!"

विदादने चहाचा पेला त्याच्या फरशीवर ठेवला. खलफने पेल्याकडे पाहिलं, मग खाली बसून जमिनीवर हात टेकवला, जणू जमीनच खोटं बोलत होती.

"समजा कमी आहे," तो म्हणाला. "म्हणून प्लेटा ठीक आहेत असं नाही."

"म्हणूनच गिअरखालचं तेलाचं भांडं उघड. आतल्या चुंबकांवर लोखंडाचे तुकडे असले तर मी स्वतः मन्सूरला फोन करते."

त्याने तेल सोडलं. विदादने ते दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मोजलं: अडीच लिटर. पुस्तकाप्रमाणे एका वेळी चार निघायला हवं होतं. मग खलफने भांडं खाली घेतलं. तिघांची डोकी एकमेकांना लागली. चुंबकांवर करडा, मऊ लेप होता, डोळ्यांत घालायच्या सुरम्यासारखा. खलफने तो अंगठ्याने पुसला, दोन बोटांत चोळला, उजेडात धरला. तुकडा एकही नाही. मग त्याने भांड्याच्या कडेवरची धूळ खरवडली. खाली तेलाने भिजलेलं जुनं गॅस्केट होतं.

"इथून झिरपत होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "वर्षानुवर्षं. माझ्या नाकाखाली."

"तुझं नाक पण तिरकं आहे," विदाद म्हणाली, आणि खलफ पहिल्यांदा हसला.

शेवटी जे ठरलं ते विदादने ठरवलं. मशीन नाही. आतल्या कोपऱ्यांत राहिलेलं जुनं तेल राहू दे, भांड्यातून जेवढं निघालं तेवढंच नवीन, शिवाय कमी पडलेलं. नवं गॅस्केट, नवी जाळी. पुन्हा दोन महिन्यांनी तेवढंच, आणि पुन्हा दोन महिन्यांनी. "इतक्या वर्षांची सवय एका दिवसात मोडायला जाऊ नये," ती म्हणाली. "माझीसुद्धा." तेलाच्या डब्यावर आणि पुस्तकात एकच प्रकार लिहिलाय ना, हे तिने मला चष्मा लावून वाचायला लावलं.

दुपारी खलफ स्वतः मैदानावर आला. फाटकात त्याने बूट पुसले. पट्टी त्यानेच ओढली. तेल लालसर, दोन खुणांच्या मध्ये. त्याने पट्टी विदादच्या हातात दिली, जशी एखाद्या मोठ्या माणसाच्या हातात वस्तू देतात तशी.

रविवारी दुपारी सव्वादोनपासून मी गच्चीवर होते. मन्सूर दोन वाजून पन्नास मिनिटांनी आला, बरोबर मिशीवाला गिऱ्हाईक. दोघे विदादच्या दारात उभे राहिले. मन्सूरने वर पाहून विचारलं, "उम्म इस्कंदर, आली नाही अजून? वाटेत अडकली असणार."

मी खाली बोट दाखवलं, खालच्या वळणावर राखाडी छप्पर दिसलं होतं. आमच्या गल्लीचा शेवटचा चढ असा आहे की टॅक्सीवाले खालीच उतरायला सांगतात. गाडीत पाच बायका, मागे केळ्यांचा घड. इंजिनचा आवाज खोल, एकसारखा, ओरडणं नाही. एकदा गिअर बदलला आणि मला तो फक्त आवाजावरून कळला, हिसका बसला नाही. ती मन्सूरच्या आणि गिऱ्हाइकाच्या समोर थांबली नाही, थेट वर, माझ्या पायऱ्यांच्या डोक्यापर्यंत गेली. तिथे वळताना हनानबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि लग्नाच्या वरातीत काढतात तशी जिभेने लांब ललकारी दिली. वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाई! मागच्या तिघींनी साथ धरली. खिडक्या उघडल्या, कुणाचं लग्न म्हणून बायका डोकावल्या. मी एकटीने गच्चीवर टाळ्या वाजवल्या.

विदाद खाली आली, गाडी उभी केली, उतरली आणि पायाने लाल दगड चाकाखाली सरकवला.

गिऱ्हाईक मन्सूरला म्हणाला, "तुम्ही तर म्हणालात गिअर गेलाय! ही मी घेतो. आत्ता घेतो."

"विकायची नाही," विदाद म्हणाली. "चहा घ्या. मन्सूर, बस. पेला मात्र बॉनेटवर ठेवू नकोस."

ऑक्टोबरात आणि डिसेंबरात तिने उरलेल्या दोन खेपा केल्या. शेवटच्या वेळी तेल डाळिंबाच्या रसासारखं निघालं, असं तिने मला बोलावून दाखवलं. खलफ आता आलेल्या प्रत्येक गाडीला आधी कॉन्व्हेंटला पाठवतो, आणि सिस्टर ओदेतनी फाटकावर पाटी लावली आहे: शुक्रवारी नऊ ते दहा, पुठ्ठा आणणे.

पण त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी सहाला, चौघी शिक्षिका व्हॅन न धरता गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. हनानबाई पुढच्या जागेवर बसल्या, नेहमीसारख्या.