शिंपीकाकांचे अकरा ठोके

ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, दुसऱ्यांची वेळ सुधारण्याचं काम करतात. स्वतः मात्र आजवर एकदाही वेळेवर जेवायला आलेले नाहीत. देवानं माणूस घडवताना असा विनोद का करावा, हे मी त्याला प्रार्थनेत दोनदा विचारलं आहे. तिसऱ्यांदा विचारणार नाही. त्यालाही इतर कामं असतील.

त्यांचं काम असं. लोक वाद्यं वाजवून रेकॉर्डिंग करतात. त्यात कुणाचा ठोका मागे पडतो, कुणाचा पुढे पळतो. भाऊजी मागच्या खोलीत बसून तो उचलतात आणि जागेवर ठेवतात. ठेवला हे कुणाच्या कानाला कळता कामा नये. ही खोली पूर्वी माझी अडगळीची होती. आता तिच्या भिंतींवर गाद्या टांगल्या आहेत आणि त्यांत माझ्या दोन चांगल्या रजया आहेत. "आवाज घुमू नये म्हणून, वहिनी," असं सांगून नेल्या त्या नेल्याच. सासूबाई म्हणतात, "त्याच्या भिंतींना थंडी वाजते. आपण काय, आपण माणसं."

मी चहा घेऊन जाते तेव्हा संगणकाच्या पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात. प्रत्येक ठोका म्हणजे एक सुळका. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, "त्यात काय, कापायचं नि सरकवायचं." त्यावर भाऊजींनी मला अर्धा तास उभं ठेवलं. सुळक्यावर कापलं तर 'टक्' असं वाजतं. कापायचं ते सुळका चढायच्या जरा आधी, जिथे आवाज जवळजवळ नसतो तिथे. ठोका सरकला की मागे भोक राहतं. त्यात कोरी शांतता भरली तर कान अडखळतो, कारण खरी खोली कधीच पुरती गप्प नसते. म्हणून ते रेकॉर्डिंगच्या आधी सगळ्यांना अर्धं मिनिट मुकाट बसवतात आणि त्या खोलीचीच शांतता टिपून ठेवतात. ठिगळ त्या शांततेचं लावायचं, आणि सांधा असा, की एक आवाज उतरत असतानाच दुसरा चढत यावा. हे मला चटकन कळलं. रफू करताना मीही धागा त्याच कपड्याच्या शिवणीतून काढते.

तर आमच्या प्रार्थनामंडळाचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. मंडळातली काही वयस्कर माणसं आता अंथरुणाला आहेत, त्यांना घरी ऐकता यावं म्हणून. मंडळात आम्ही नऊ जणी गातो. पेटीवर मोठ्या बाई. त्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटून बारा वर्षं झाली, बाईंची सुटायची आहे. भाऊजींना त्यांनी चौथीत रोज उशिरा येतो म्हणून दाराबाहेर उभं केलं होतं, आणि भाऊजी अजून त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात. डफावर शिंपीकाका. काकांचं दुकान आता मुलगा बघतो आणि घरी सून रेडिओसुद्धा हळू लावा म्हणते. डफ वाजवायला त्यांना आठवड्याचे हे दोन तास, आणि ही एकच जागा.

रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण तुमचा हात मागे पडतो. हे ऐकू आणि ठरवू. तालाचं यंत्र मिळतं हल्ली. ते थकत नाही."

"पाणीही पीत नाही," काका म्हणाले. "तुमची तेवढी सोय." हसले, आणि डफाच्या पिशवीची गाठ बांधत बराच वेळ खाली बघत राहिले.

घरी आल्यावर मी भाऊजींना गाठलं. "काकांची जागा जाता कामा नये."

"वहिनी, ही लबाडी होईल."

"तुम्ही रोज तेच करता."

"रोज ज्याचा ठोका त्याला विचारून करतो."

"मी विचारलं असं समजा. सासूबाईंच्या गुडघ्याची शपथ घालू का?"

"आईच्या गुडघ्याला मध्ये आणू नका," म्हणत ते कामाला लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी काकांचे सगळे ठोके पट्टीनं आखल्यासारखे सरळ केले आणि मला ऐकायला बोलावलं. मी कणकेच्या हातांनी दारातच उभी राहून ऐकलं.

"कसं वाटतं?"

"काका छान आहेत. पण आम्ही सगळ्या बस सुटतेय म्हणून पळतोय."

भाऊजींनी भुवया चढवल्या. परत लावलं, परत ऐकलं. मग काकांना सोडून पेटी उघडली आणि पडद्याला नाक लावून बसले. जेवणाची तीन बोलावणी वाया गेली. चौथ्यांदा मी ताट घेऊनच गेले, तर म्हणाले, "वहिनी, दार लावा."

मी लावलं.

"ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीत बाई पळतात. दर वेळी. काका ठोका जरासा मागे ओढून त्यांना धरतात, म्हणून तुम्हा नऊ जणींना धरायला काहीतरी राहतं. काकांचे खरे चुकलेले ठोके अकरा. सगळे तिसऱ्या कडव्यात, बोटं आखडली तिथे."

"आणि बाईंचे?"

"सत्तेचाळीस."

मी शेजारच्या गादीला टेकले. मोठ्या बाईंचे सत्तेचाळीस. देव माफ करो, मला आधी आनंद झाला आणि मग वाईट वाटलं.

काकांचे बाकीचे ठोके त्यांनी होते तसे परत ठेवले, ते अकरा तेवढे सरळ केले, आणि मग बाईंकडे वळले. पेटीचं काम जास्त नाजूक. ठोक्यांच्या मध्ये मोकळी जागा असते, पेटीचे सूर मात्र एकाला एक चिकटलेले. तिथे सूर ताणावा लागतो. त्याच्या सुरुवातीला हात लावायचा नाही, मधल्या सपाट भागातच ताणायचं, तेही केसभर. जास्त ताणला तर बाई विहिरीत बसून वाजवताहेत असं वाटतं. त्यात बाईंच्या माइकमध्ये काकांचा डफही झिरपलेला. सूर चुकीच्या जागी ओढला की पाठीमागून एक दुसरे काका टपकन वाजत. दोन दिवस भाऊजी त्या दुसऱ्या काकांना हाकलत होते.

शनिवारी दुपारी प्रार्थनेच्या खोलीत सगळे ऐकायला जमलो. बाई डोळे मिटून बसल्या. गाणं संपलं तशा म्हणाल्या, "वा. काका, बघा, याने तुम्हाला कसं वळण लावलंय. माझ्या पेटीला काही करावं लागलं नाही, पण डफ अगदी बदलला."

भाऊजी हात मागे बांधून जमिनीकडे बघत होते. काकांची बोटं गुडघ्यावर हलत होती, कसलीशी मोजदाद चालल्यासारखी.

"यातले अकरा माझे नाहीत," ते म्हणाले.

भाऊजींनी मान वर केली. अठरा वर्षांत त्यांचा सांधा कुणी पकडला नव्हता.

"काका, टक् झालं का कुठे?"

"छे छे. काम झकास आहे, काही कळत नाही," काकांनीच त्यांची समजूत काढली. "पण तिसऱ्या कडव्यात माझी बोटं वळत नव्हती, ते मला ठाऊक आहे ना. तिथे मी उशिरा होतो, आणि हे तर वेळेवर आहेत." मग बाईंकडे वळून म्हणाले, "म्हणजे तुमचं खरं आहे. हात मागे पडतो. आणा यंत्र."

खोटं बोलायचं नाही हा माझा जुना नियम. गप्प बसायचं नाही हा नियम मी तिथल्या तिथे केला.

"बाई, पेटीचेही हलवलेत."

"पेटीचे?" बाईंनी भाऊजींकडे पाहिलं. "किती रे?"

भाऊजी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. पायात चपला होत्या.

"सत्तेचाळीस," मी म्हटलं.

खोलीत एवढी शांतता झाली की भाऊजींना ती टिपून घ्यायचा मोह झाला असणार. बाई उठल्या. "मूळचं लाव."

पेपर तपासावा तसं त्यांनी उभ्यानं ऐकलं. पहिलं ध्रुवपद जाऊ दिलं. दुसऱ्याला हात वर केला. "ही मी?"

"हो, बाई."

"परत लाव."

तीनदा लावलं. मग बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काका, तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं थोडंफार."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. दहाएक वर्षं झाली. तुम्ही म्हणालात, काका, ती खिडकी लावून घ्या, वारा येतोय."

आधी आमच्यातल्या कडेच्या एकीला हसू फुटलं, मग कुणालाच आवरेना. बाईही हसल्या, पण त्यांचं आमच्या आधी संपलं.

"यंत्र नको," त्या म्हणाल्या. "ते माझ्यासाठी थांबायचं नाही." आणि भाऊजींना म्हणाल्या, "घरोघरी हेच पाठव, सुधारलेलं."

"बाईंचे सुधारलेलेच राहू देत," काका म्हणाले. "माझे अकरा तेवढे परत जागेवर ठेवा."

"काका, ते उशिरा आहेत हो," भाऊजी कळवळून म्हणाले.

"असू देत. ऐकणार कोण आहे? सगळी माझ्याच वयाची. त्यांची बोटं काय सरळ आहेत?"

भाऊजींनी ठेवले. तोंड वाकडं करून, पण ठेवले.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पेटी काकांच्या समोर आणून घेतली. इतकी वर्षं ती खिडकीकडे तोंड करून होती. दुसऱ्या ओळीला काका भुवई उचलतात आणि बाई थांबतात, बहुतेक वेळा. तिसऱ्या कडव्याला आम्ही नऊ जणी जरा सावकाश गातो.