आधी तार काढायची

बाबांचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या बसस्टँडवर होते. "शकू गेली," एवढंच म्हणाले आणि फोन न ठेवता गप्प राहिले. बाबा असे गप्प झाले की मला अजूनही धडकी भरते...

शकूआत्या बाबांची धाकटी बहीण. तरुणपणीच विधवा होऊन राळेगावजवळच्या आमच्या गावी परतली आणि घर ताब्यात घेतलं. भारनियमनाच्या दिवसांत तिने जुनी सायकल स्टँडवर चढवून मागच्या चाकाला भंगारातली मोटर टेकवून घेतली. पायडल मारलं की बॅटरी भरायची, बॅटरीवर मोबाइल. खोड एकच होती. मोटरपासून बॅटरीकडे जाणारी तार न काढता थांबलं की बॅटरीच उलट मोटर फिरवायची. पायडल थांबलेलं, चाक मात्र एकटंच फिरतंय आणि भरलेलं सगळं रिकामं होतंय. "आधी तार काढा, मंग थांबा!" ती सगळ्यांवर खेकसायची.

एका वर्षी कपाशीला भाव नव्हता, वर बोंडअळी. जो तो फवारत सुटला होता. भर दुपारी बाबा फवारणी अर्धी टाकून शेतातून आले ते झोकांड्या खात, तोंडाला फेस. वीज सकाळपासून नव्हती, मोबाइल बंद, बॅटरी रिकामी, सारा गाव शेतात. राळेगावच्या जीपवाल्याला फोन लागला तरच दवाखाना. आत्या लुगडं खोचून सायकलवर चढली. तिच्या पाठीमागे ओसरीवर बाबा. मी त्यांचे कपडे काढून अंग धूत होते.

"दादा, बोलत राह्य! मले ऐकू आलं पाह्यजे."

"शकू..."

"हो दादा."

"शकू..."

"हो!"

मग आवाजच आला नाही. आत्याने सायकलवरून उडी टाकली, बाबांचं डोकं मांडीवर घेतलं. मागे चाक एकटंच फिरत होतं.

"आत्या, तार!" मी ओरडले.

तिने चाकाकडे पाहिलं, बाबांच्या छातीवर हात ठेवला. श्वास होता. डोकं माझ्या मांडीवर देऊन ती परत चढली. रडत होती, त्या औषधाला शिव्या घालत होती, पण फोन लागेपर्यंत एकदाही मागे वळली नाही. बाबा वाचले. त्या दुपारबद्दल ती पुढे कधी बोलली नाही, मात्र वीज टिकू लागल्यावरही सायकल कुणाला हलवू दिली नाही.

परवा गावी गेले, तर बाबा त्या सायकलवर बसलेले. थोडा वेळ पायडल मारून ते थांबले. तार तशीच. चाक फिरत राहिलं.

"बाबा, तार काढा ना."

"राहू दे वं. फिरू दे."

आणि मागे न वळता त्यांनी हळूच हाक मारली, "शकू..."