पांढऱ्या दोऱ्याचा जोड

दिवा लागला की माणसाला बरं वाटतं. चाचांना राग यायचा. बोटीच्या वायरीला कुणी टेस्टिंगचा बारीक बल्ब लावून "करंट येऊन राह्यला, चाचा!" म्हटलं की ते खेकसायचे, "करंट आला, ताकद आली काय बे? बाजेवरचा म्हातारा बी हाक मारली की 'हाव' म्हणते. त्याले पोतं उचलाले सांग, मंग समजते!"

चाचांचं नांदुऱ्यात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. आमच्या धरणावर सहलीची माणसं फिरवायला एक इंजिनाची बोट होती, ती मी चालवायचो. ती रुसली की चाचा एसटीनं यायचे. आल्याबरोबर जीपच्या हेडलाइटचा मोठा बल्ब वायरीला जोडायचे, पाच मिनिटं जळू द्यायचे आणि मग डोळे मिटून एकेका जोडावरून बोटं फिरवायचे. जो जोड तापला, तो खोटा. दोन मेकॅनिक नवी बॅटरी बसवून हरले होते, तेव्हा चाचांनी असाच एक जोड धरला आणि ब्लेडनं वायर चिरली. आतलं तांबं वीतभर हिरवं पडलेलं. "पाह्य! वरून शेरवानी, अंदर फाटकं बनियन."

आमच्याकडे शेतातल्या मोटरीची वायर तुटली तर दोन्ही टोकं पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची, झालं. चाचांना बोटीत हे खपायचं नाही. "मोटर जागेवर बसते. बोट हालते. हालता जोड झिजते, अन् टेपखाली पाणी मुरते." त्यांचा जोड कथील वितळवून डाख दिलेला असे, वर कॉइल बांधायच्या पांढऱ्या दोऱ्याचे वेढे आणि त्यावर वार्निश. दोरा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "उद्या कोनी माह्याकडं बोट दाखवलं, तर माह्यं काम मले ओळखू याले पायजे."

बोट दाखवणारा निघालाच. दिवाळीच्या सुट्ट्यांच्या तोंडावर चाचांनी बोट तपासली आणि बोटीच्या ठेकेदाराला सांगितलं, तळातलं पाणी फेकणाऱ्या पंपाची आणि स्टार्टरची सगळी वायर बदला, बोट दोन दिवस काठावर ठेवा. ठेकेदार म्हणाला, "चाचा, गर्दीचे दिवस आहेत. आता जोडून द्या, मंग पाहू."

"लेकरं बसतात तिच्यात. मी नाही जोडत."

"मंग घरी जा. वायरमन तुम्ही एकटेच आहा काय?"

चाचांनी पिशवी उचलली आणि चालू लागले. गावातला शेतपंप दुरुस्त करणारा वायरमन आला. अर्ध्या तासात पिळलं, गुंडाळलं, बारीक बल्ब लावला, लागला. मी शेजारी उभा राहून सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं तीच बोट पाण्यात घातली. नोकरीची भीती! दुसरं काही नाही.

ऐन मध्यावर बोट बंद पडली. स्टार्टर हूं नाही की चूं नाही, पंप थंड, जळक्या रबराचा वास आणि घोट्यापर्यंत पाणी. लेकरांची रडारड. मासेमारी करणाऱ्यांनी दोर लावून आम्हाला ओढत आणलं म्हणून सगळे वाचले. काठावर लोक अंगावर धावून आले, तेव्हा ठेकेदार शंभर माणसांसमोर बेधडक म्हणाला, "वायरिंग नांदुऱ्याच्या चाचाची आहे. बुढ्याले आता दिसत नाही, त्याले मी काय करू?"

काय ही जीभ! आजही आठवलं की डोकं फिरतं. जळलेला जोड मी नुकताच कापून खिशात घातला होता. टेपखाली दोरा नव्हता, वार्निश नव्हतं. खिशातून हात बाहेर काढायचा तेवढा अवकाश होता. मी काढला नाही.

बातमी आठवड्यात नांदुऱ्याला पोचली. ज्यांच्या मोटरी चाचांनी तीस वर्षं भरल्या, ते शेतकरी दुकानापुढून मोटर घेऊन दुसरीकडे जाऊ लागले. दोन महिन्यांनी हिंमत करून मी गेलो. दुकानात एकही मोटर नव्हती. चाचांनी चहा मागवला. मी जोड त्यांच्या हातात दिला. त्यांनी टेप उलगडली, बोट फिरवलं आणि पुन्हा माझ्या हातात ठेवला.

"मले काऊन दाखवून राह्यला? मी नाही केला, हे मले मालूम आहे. त्या दिवशी काठावर लोक होते, त्यायले दाखवाचा होता."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात चाचा गेले. मय्यतीला तेच शेतकरी आले होते, हळहळत होते. "हात लय चांगला होता, शेवटी नजरच गेली बिचाऱ्याची," असं एक जण म्हणाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जोड काढून त्याच्यापुढे धरला. दोऱ्याची गोष्ट सांगितली, टेप दाखवली, कुणी गुंडाळली तेही सांगितलं. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"मंग इतके दिवस कुठं होतं हे?"

"माझ्या खिशात," मी म्हणालो.