अव्वाने मागितलेला गाळ

माझा थोरला भाऊ, अण्णा, मालवाहू जहाजावर खलाशी होता. नव्वदच्या दशकात आफ्रिकेच्या दक्षिणेला वादळात तो डेकवरून पाण्यात गेला. पुष्कळ शोधलं, सापडला नाही. आमच्यात माणसाला मातीत पुरतात. पुरायला काहीच नव्हतं, म्हणून आईने, आमच्या अव्वाने, कुठलाच विधी होऊ दिला नाही.

सात-आठ वर्षांनी मी कोल्हापुरात भूशास्त्रात संशोधन करू लागले. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतून माझ्यासाठी त्याच समुद्राच्या तळाचा गाळ आला. "हाच भाग का मागितलास?" सरांनी विचारलं. मी काहीतरी शास्त्रीय कारण सांगितलं.

गाळ धुऊन चाळला की सूक्ष्म समुद्री जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचं उरायची. ती ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक उचलायची. एका जातीची डावीकडं वळलेली कवचं थंड पाण्यातली. कुठल्या थरात ती वाढली, कुठं घटली, यावरून गार आणि उबदार पाण्याची हद्द पूर्वी कुठं होती ते कळायचं. मोजता मोजता वाटायचं, मागं कुणीतरी उभं आहे. वळून बघायची. खोलीत मी एकटीच असायची.

एकदा अव्वा गावाहून राजारामपुरीत डॉक्टरांकडं आली आणि तिथून थेट माझ्याकडं. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"ह्यो तिथलाच चिखल?"

"व्हय. पण अव्वा, तिथलं पाणी एका जागी ऱ्हात न्हाय. प्रवाह सरकत्यात."

"मग त्यो आता कुठं असंल?"

मी हातातला ओला ब्रश पुसून ठेवला.

"ह्यातला जरा मला दे की."

हा थर अण्णाच्या हजारो वर्षं आधी तळाशी बसलाय, हे ओठांवर आलं होतं. तरी मोजून झालेल्यातला चमचाभर पुडीत बांधून दिला.

पुढच्या सोमवारी कुरुंदवाडच्या शेतात, वडिलांच्या, अप्पांच्या समाधीशेजारी, हातभर खड्डा काढला. आमच्या पुरोहितांनी, जंगमांनी, मंत्र म्हटले. अव्वाने स्वतः पुडी सोडली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडली, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी.

नंतर ती दर अमावास्येला तिथं बेल वाहू लागली. "तू का येत न्हाईस?" ती विचारायची. मी कामाचं निमित्त सांगायची. त्या मातीत अण्णा नाही, हे घरात फक्त मला पक्कं माहीत होतं. तरी एका वर्षी गेले. बेल ठेवताना माती एखाद्या भिजलेल्या हातासारखी गार लागली, आणि मी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.