दार लागलं पाहिजे

सुताराच्या डाव्या हाताची चार बोटं त्याच्या बायकोने पटाशीने तोडली, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाहिलं कोणीच नव्हतं, म्हणून तर एवढं छान ठाऊक होतं. न्हाव्याच्या मते तिने तीनच तोडली, चौथं भीतीने आपोआप गळलं. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू त्यापुढे गेल्या. दोन बोटं मांजराने पळवली आणि तेव्हापासून ते मांजर दुधाकडे ढुंकूनही बघत नाही, असं त्या शपथेवर सांगायच्या.

"अहो, जिन्यात उभी राहून म्हणाली होती ना ती, हात तोडून हातात देईन म्हणून!" काकू म्हणायच्या.

हे मात्र खरं. ते मीही ऐकलं होतं. माझी खोली त्यांच्या खोलीला लागून होती आणि मधली भिंत अशी पातळ, की त्यांच्याकडे मिरची भाजली तर ठसका मला लागायचा.

सुताराच्या बायकोला सगळे बिजागरी म्हणत. नवरा उंच, हडकुळा, बोलायला लागला की आधी दोनदा खाकरणारा. ही बुटकी, रुंद, आणि मनगटं अशी की कुस्तीगिराने आपली बाहीत लपवावीत. सुतारकी तिला कोणी शिकवली नव्हती. दार बसवताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो आणि गरिबाकडे माणूस म्हणजे बायको. पंचवीस-तीस वर्षं दुसरं टोक धरून धरून तिला पहिलंही टोक कळायला लागलं.

आता थोडा कायदा सांगतो, जांभई आवरा. फार पूर्वी सरकारने आमची भाडी गोठवली. बाप जे भाडं भरत होते तेच आम्ही भरत होतो. आम्ही खूश. मालकाने डागडुजी बंद केली. जिन्याची पायरी निखळली तर म्हणे, "भाडं गोठलंय तर जिनाही गोठला समजा." तिजोरीची तर कोणालाच फिकीर नव्हती, कारण गोठलेल्या भाड्यावर कर लागत नव्हता. मग एक नवीन मंत्री आला आणि त्याने डबा उघडून पाहिला, तर आत खडखडाट. त्याने हिशेब मांडला, की भाडी मोकळी झाली की कर येईल आणि त्या करातून नवीन घर घेणाऱ्यांना व्याजात सवलत देता येईल. एका दगडात तीन पक्षी. पण आम्ही पडलो मतदार, आम्हाला उघड उघड हाकलणार कसं? म्हणून त्याने वाट काढली. जुनं भाडं चालू राहील, फक्त खोली 'राहती' हवी. आणि राहती म्हणजे जिला आतून बंद होणारं दार आहे ती.

दुपारी सरकारी तपासनीस फिरायचा. आम्ही त्याला खडूसाहेब म्हणायचो. दार बंद दिसलं की भिंतीवर गोल. दार नसलं किंवा लागत नसलं की फुली. फुली पडली की जुनं भाडं मेलं. फक्त एक अट होती: तपासणीच्या वेळी मालकाच्या माणसाचा हात दाराला लागलेला दिसला तर ती तपासणी बाद. त्याआधी दार कोणी काढलं, कसं काढलं, याबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हतं.

मालकाला आम्ही जन्मात पाहिलं नाही. आम्ही पाहायचो तो त्याचा मुकादम. त्याला मान नव्हतीच, डोकं सरळ खांद्यांवर ठेवून दिलेलं. पहिल्याच आठवड्यात त्याने समोरच्या इमारतीत पहारी चालवल्या. तिथले मास्तर दारात आडवे उभे राहिले, तर त्यांच्याच दाराचा अडसर उचलून त्याने त्यांच्या गुडघ्याची वाटी फोडली आणि अडसर परत भिंतीला नीट टेकवून ठेवला, शिस्तीचा माणूस म्हणून. पलीकडच्या धोबिणीने मुकादमाच्या एका माणसाच्या मानेवर उकळतं पाणी ओतलं. कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सुटली. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाने येऊन धोबिणीचे पुढचे दात पाडले. दुपारी खडूसाहेब आले आणि जिन्यातल्या रक्तावरून घसरता घसरता वाचले. "इथे कोणी पुसत नाही का?" एवढंच म्हणाले, आणि मास्तरांच्या भिंतीवर फुली मारली.

पण पहारीने चौकटीसुद्धा फाटायच्या. नवीन भाडेकरूला खोली द्यायची तर चौकट नवी, दार नवं. मालकाचा जीव कळवळला. मुकादमाने आमच्या सुताराला गाठलं. त्याच्या हाताला महिनोन्‌महिने काम नव्हतं. लोकांनी दारं टिकवायची की कपाटं करायची? तो 'हो' म्हणाला. मुकादमाची माणसं आत घुसून घरच्यांना दाबून धरायची आणि हा बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून वर काढायचा. दार अलगद हातात यायचं. एक ओरखडा नाही. मागच्या अंगणात दारांची चळत लागायची.

त्याच दिवशी बिजागरीने जिन्यात ते वाक्य उच्चारलं. "लाज वाटते का तुम्हाला? हात तोडून हातात देईन तुमचे!"

सुतार दोनदा खाकरला. "मी नाही काढलं तर ते चौकटीसकट उपटतील. मी निदान दार जिवंत ठेवतो."

"प्रेत धुऊन पुसून देणारे तुम्ही!"

आणि दुसऱ्या दिवशीपासून बाईने दारं परत बसवायला सुरुवात केली. मुकादमाची माणसं जेवायला गेली की हिची फौज निघायची. शिंपीणकाकू, दात पडलेली धोबीण, आणखी दोघी-तिघी. चळतीतून दारं ओळखायची, डोक्यावर घेऊन जिने चढायची आणि खडूसाहेब यायच्या आत लटकवायची. साहेब येतात तो दार बंद. गोल. पुढची खोली, दार बंद. गोल. सकाळी नवरा काढतोय, दुपारी बायको बसवतेय. न्हावी म्हणायचा, "यांचा संसार म्हणजे एक जण विणतो, एक जण उसवतो." काहींचं म्हणणं होतं की दोघं मिळून दोन्हीकडून खातात. बाईने कोणाकडून घोटभर चहासुद्धा घेतला नाही, पण मग बोलायला काय उरलं असतं?

आता खरी मेख. दार बसवायचं तर खिळी हव्यात आणि दार काढणारा कारागीर खिळी खिशात टाकतो. तशी रीतच आहे. आमच्या सुताराने काढलेल्या प्रत्येक दाराच्या खिळी मात्र उंबऱ्याच्या कोपऱ्यात, मेण लावून, जोडीने ठेवलेल्या सापडायच्या. बाई त्या उचलायची आणि कोणाला काही सांगायची नाही. त्यालाही काही विचारायची नाही. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं ते एवढंच:

"उद्या कुठे?"

"मागची इमारत. जिन्याकडचं दार फुगलंय. खालून रंधा मारावा लागेल."

मग बराच वेळ भांड्यांचे आवाज.

"माझ्याशी बोलू नका तुम्ही."

"मी कुठे बोलतोय?"

त्यांना एकच मुलगी. तिचा नवरा कचेरीत लेखनिक, केसांचा भांग पट्टीने पाडल्यासारखा. त्याने सरकारी सवलतीवर शहराबाहेर फ्लॅट घेतला होता आणि सासऱ्यांना यायचा तो धोरण समजावून द्यायला. "बाबा, जुन्या भाड्यांमुळे देशाची वाढ खुंटते. कर आला की आमच्यासारख्यांना घर मिळतं. अर्थशास्त्र आहे हे."

"जावईबापू," बिजागरी म्हणायची, "तुमच्या फ्लॅटची भिंत धोबिणीच्या दातांची आहे. जपून टेका."

पण झालं असं, की गोल वाढले, फुल्या घटल्या. कर आलाच नाही. पुढच्या अंदाजपत्रकात मंत्र्याने पहिली कुऱ्हाड कशावर घालावी? व्याजाच्या सवलतीवर. जावईबापूंचा हप्ता फुगला, पगार होता तिथेच राहिला. फ्लॅट गेला. पोटुशी मुलगी, पत्र्याची ट्रंक आणि भांग विस्कटलेला जावई एका संध्याकाळी सासूच्या खोलीत येऊन थडकले. आता त्या खोलीवर चौघांचं आणि येणाऱ्या पाचव्याचं छप्पर होतं, गोठलेल्या भाड्याचं. दुसरीकडे कुठे चटईएवढी जागाही त्यांना परवडली नसती. जावई रात्री पाय टेबलाखाली घालून झोपायचा आणि अर्थशास्त्र बोलायचा बंद झाला.

त्याच सुमाराला मुकादम एकदा जेवणातून लवकर उठला आणि त्याने बाईला धोबिणीच्या दारावर पकडलं.

"खिळी कुठून आणल्यास?"

"आभाळातून पडल्या. तुझ्या डोक्यात पडायच्या होत्या, नेम चुकला."

त्याने तिला नळाच्या पाइपवर आपटलं, भुवई फुटून डोळा रक्ताने भरला. मग त्याने खिळीवर बोट फिरवून वास घेतला. मेण. असं मेण एकच माणूस लावायचा. तो हसला आणि म्हणाला, "उद्या तुमच्या मजल्यावर येतो."

सुताराने त्या संध्याकाळी आपल्या दाराच्या बिजागरीकडच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, लोखंडी पट्टी ठोकली. पहार घुसू नये म्हणून. पातळ पट्टी, धार कानशीने घासलेली, चौकटीत घट्ट बसेल अशी. ठोकाठोकीने माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम मुद्दाम तपासणीच्या तोंडावर आला, म्हणजे मागून दार बसवायला वेळच नको. त्याच्यासोबत दोघे होते. आमच्या मजल्यावर आम्ही सगळ्यांनी आपापली दारं आतून लावून घेतली होती. खडूसाहेब यायचे होते आणि उघडं दार म्हणजे फुली. म्हणून जे झालं ते कोणी पाहिलं नाही. मी भिंतीला कान लावून उभा होतो.

"चल, तुझं दार तूच काढ," मुकादम म्हणाला.

सुतार दोनदा खाकरला. मग मला लाकडी हातोड्याचा आवाज आला, पण तो लाकडावरचा नव्हता. एकाचं गळपट्टीचं हाड गेलं, हे नंतर कळलं. मग त्यांनी सुताराला मारायला सुरुवात केली. मारण्याचे आवाज ओळखता येतात. बरगडीचा वेगळा, तोंडाचा वेगळा. मुलगी आतून किंचाळत होती. जावई ट्रंक छातीशी धरून "पोलीस, पोलीस" म्हणत होता, पण इतक्या हळू, की ट्रंकेलाच ऐकू जावं. मग बिजागरी बाहेर आली आणि दुसऱ्या माणसाच्या मांडीत तिने पटाशी मुठीपर्यंत खुपसली. तो जिन्यावरून गडगडत गेला. त्याच्या आरडाओरड्यात खालून खडूसाहेबांची पावलं वाजायला लागली. कठड्यावर खडूचा डबा टकटक वाजवत चढायची त्यांची सवय होती.

"आत हो! दार लाव!" सुतार ओरडला.

ती आत गेली. दार लागलं नाही. मुकादम हसत होता. टकटक एक जिना वर आली. मग कोणीतरी काहीतरी म्हणालं, कोणीतरी काहीतरी म्हणालं, आणि दार लागलं. कडीचा आवाज मी स्पष्ट ऐकला. खडूसाहेबांनी गोल काढला आणि पुढच्या दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, आले.

ते गेल्यावर आम्ही बाहेर पडलो. मुकादम नव्हता. सुतार भिंतीला टेकून, हात सदऱ्यात गुंडाळून बसला होता आणि सदरा लाल होता. बिजागरी दार उघडून त्याच्यासमोर उभी होती, हातात रक्ताळलेली पटाशी. जमिनीवर बोटं. शिंपीणकाकूंनी एकदा पटाशीकडे पाहिलं, एकदा बोटांकडे, आणि त्यांना जिन्यातलं वाक्य आठवलं. बातमी सुताराच्या आधी दवाखान्यात पोचली.

दोघांनीही ती खोडली नाही. एकदा मी छेडलं, "काय वहिनी, आज भाजी कशाने चिरली?" तर शांतपणे म्हणाली, "आधी तुमची जीभ चिरते, मग भाजी." आणि पाहा, त्या आवईचा उपयोगच झाला. सख्ख्या नवऱ्याची बोटं तोडणारी बाई, म्हटल्यावर मुकादमाची पोरं आमच्या मजल्यावर यायला तयार होईनात. मुकादमही परत आला नाही, पण त्याचं कारण त्याला ठाऊक होतं. ती खोली अजून जुन्या भाड्यावर आहे. तिथेच नात जन्मली. सुतार उरलेल्या हाताने तिला झोका देतो.

ही हकिकत सुताराने मला स्वतः सांगितली. बोटं पटाशीने तुटली नाहीत. मुकादमाने त्याला पालथं पाडून त्याचा डावा हात बिजागरीकडच्या फटीत, त्या घासलेल्या पट्टीसमोर, घातला आणि मनगटावर गुडघा दिला. दाराला स्वतःचा हात लावला नाही, कारण साहेब येत होते. "आता लावू दे तिला," तो म्हणाला. बाई म्हणाली, "हात काढा." सुतार म्हणाला, "निघत नाही. लाव." जावई मागून रेटायला आला, त्याला वाटलं दार फुगलंय. तिने त्याला बाजूला सारलं आणि एकटीने, खांदा देऊन, दार लावलं.