रानचिरायत्याचं फूल

परवा आमच्या शहरातल्या गोरखपूरच्या बाजारात वाळलेल्या चिरायत्याचा कडवट वास आला आणि आईची खोली आठवली. तेव्हा मी शाळेत शिकत होते. आईच्या तापासाठी बाबांनी कुंडमच्या जंगलातून रानचिरायता आणला होता, निळ्या-जांभळ्या फुलांसकट. दवाखान्यातल्या औषधांनी आईचे सगळे केस गळले होते.

"अहो, एक फूल तरी द्या न!" म्हणत तिनं ते कानामागे खोचलं. "कशी दिसून राहिली मी?"

"नवरीसारखी," बाबा म्हणाले. आम्ही दोघी हसलो.

चिरायता घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ वाहत होता. मला वाटलं, औषध करायला वेळ लागत असेल.

आता मीही चिरायता भिजवते. पेलाभर पाण्यात काड्या टाकायच्या, बस. मिनिटही लागत नाही.